दोर धरणारी माणसं

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरात दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला नऊ दिवस ‘बलून फिएस्टा’ भरतो. गरम हवेच्या बलूनचा जगातला हा सर्वांत मोठा मेळा. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी या गावात आले आणि शेजारणीनं एका पहाटे कातडी हातमोजे माझ्या हातात ठेवून मला मैदानावर नेलं. तेव्हापासून मी एका बलूनच्या क्रूमध्ये आहे. फोटोंत रंगीबेरंगी आकाश सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मला सांगायचंय ते खालच्या माणसांबद्दल, कारण हा मेळा उभा आहे तो त्यांच्या जिवावर.

सुरुवात अगदी लहान होती. १९७२च्या एप्रिलमध्ये इथल्या एका रेडिओ केंद्राच्या पन्नाशीनिमित्त कोरोनाडो सेंटर या मॉलच्या पार्किंगमध्ये १३ बलून जमले. २००० साली तो आकडा हजाराच्या पुढे गेला. आता साधारण पाचशे-सहाशे बलून येतात, आणि मैदानावर तेवढेच बरे.

पण इथंच का? कारण इथला वारा. बलूनला सुकाणू नसतं. वारा नेईल तिकडे जायचं. पायलटच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं. अल्बुकर्कीला पूर्वेकडे सांदिया पर्वत आणि मधून रिओ ग्रांदे नदीचं खोरं. रात्री गार झालेली जड हवा खोऱ्यातून उताराला लागते, म्हणून पहाटे जमिनीलगतचा वारा दक्षिणेकडे वाहतो. त्याच्याच वर, काहीशे फुटांवर, वारा उलटा उत्तरेकडे. खाली राहून दक्षिणेला जायचं, उंची गाठून उत्तरेला परतायचं, मग उतरायचं. जुळून आलं तर बलून निघाला त्याच मैदानावर टेकतो. याला सगळे ‘बॉक्स’ म्हणतात. ऊन चढलं, जमीन तापली की हा खेळ मोडतो. म्हणून सगळी लगबग पहाटेची.

अंधारातच ‘डॉन पॅट्रोल’चे मोजके बलून दिवे लावून वर जातात. ते कोणत्या उंचीवर कुठं सरकतात, हे बाकीचे पायलट मान वर करून बघत असतात. मैदानावर हिरवा झेंडा लागला की उड्डाण, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे आज नाही. लाल लागला की मैदानावर जी हळहळ पसरते, ती मला अजून सोसत नाही. पण त्या झेंड्यावर कुणी वाद घालत नाही, आणि ते फार योग्य आहे.

हिरवा लागला की आमचं काम. बास्केट आडवी, तिच्यापुढे कापड लांबवर पसरलेलं. दोघं जण तोंड उघडं धरतात, मोठा पंखा गार हवा भरतो. मग बर्नरची ज्वाळा. मी असते दुसऱ्या टोकाला, बलूनच्या डोक्याला बांधलेला दोर धरून. हवा तापली की डोकं उसळी मारू पाहतं. मी अंगाचा भार मागे टाकून ते आवरते आणि बलून उभा राहत जाईल तशी दोरासकट पुढे चालत येते. मध्यम आकाराच्या बलूनमध्ये सव्वादोन हजार घनमीटर हवा मावते. गार असताना तिचं वजन दोन टनांच्या वर. शंभर अंशांपर्यंत तापली की तिचा जवळपास पाव भाग बाहेर पडतो, आणि तेवढ्या फरकावर माणसं, गॅसच्या टाक्या, बास्केट सगळं उचललं जातं. पहाट जितकी गार, तितका फरक मोठा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यांतले ‘झेब्रा’ वर आकाश मोकळं आहे ना ते बघून अंगठा दाखवतात, तेव्हाच आम्ही बास्केट सोडतो.

मग पिकअपमधून पाठलाग. पायलट रेडिओवर दिशा सांगतो, आम्ही गल्ल्या शोधतो. विजेच्या तारा ही सर्वांत मोठी भीती; उतरताना प्रत्येकाची नजर तिकडेच. कुणाच्या शेतात टेकला तर गाडी आत घालण्याआधी मालकाला विचारायचं. हा शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो, कारण शहरानं आपली अंगणं आणि शेतं या खेळाला मोकळी ठेवली आहेत ती अशा वागण्यामुळेच. शेवटी हवा काढून कापड पिशवीत कोंबायचं आणि ती आवळायला सगळ्यांनी वर बसायचं.

इथल्या अँडरसन-अब्रूझो बलून संग्रहालयाला नाव मिळालं ते मॅक्सी अँडरसन आणि बेन अब्रूझो यांचं. १९७८ साली लॅरी न्यूमनसह त्यांनी हेलियमच्या बलूनमधून पहिल्यांदा अटलांटिक ओलांडला. तिथं फिरताना मला आपल्याकडचं उड्डाण आठवतं. २००५च्या नोव्हेंबरमध्ये विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या बलूनमधून निघाले, २१ किलोमीटरच्या वर गेले, हा जागतिक विक्रम, आणि सिन्नरजवळ पांचाळे गावात उतरले.

कुणी यायचं ठरवत असेल तर शनिवार-रविवार टाळा, आठवड्यातला मधला दिवस धरा आणि गरम कपडे घाला. इथं प्रेक्षकांना दोरखंडाबाहेर उभं करत नाहीत. बलून फुगत असताना थेट शेजारी जाता येतं. एखाद्या क्रूला माणसं कमी पडताना दिसली तर विचारा. बहुतेक वेळा जादा हातमोजे असतात.