मूठभर खारी रेती

गेल्या महिन्यात आमची इमारत पाडली. ठाण्याच्या खाडीजवळची, १९८४ ची. घणाच्या दोन घावांत बाल्कनीचा स्लॅब खाली आला आणि आतली सळई दिसली: पापुद्रे सुटलेली, चिमटीत चुरा होणारी. काँक्रीटच्या इमारतीला चाळीस वर्षं हे काही मरणाचं वय नव्हे. तिचा आजार जन्माचा होता, आणि तो जडताना मी तिथे हजर होतो.

साइटवरची माझी पहिली चार-पाच वर्षं मोजमापाच्या वह्या भरण्यात गेली. त्यांत सांगण्याजोगं काही नाही. ऐंशीचं दशक मात्र अजून सलतं. सिमेंट परमिटवर मिळायचं; १९८२ मध्ये नियंत्रण अर्धवट उठलं, पुरतं उठायला १९८९ उजाडलं. टंचाईत सिमेंट कमी आणि पाणी जास्त पडे. ते जादा पाणी उडून गेलं की काँक्रीटमध्ये केसाहून बारीक वाटा उरतात.

खाडीची रेती मी जिभेवर ठेवून पाहिली होती. खारट. साइटच्या रजिस्टरमध्ये तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते पान नव्हतं आणि आठवड्याभरात माझी बदली झाली होती. "चिमूटभर मिठानं काय होतं?" असं साहेब म्हणाले होते.

काय होतं ते सांगतो. सिमेंटला पाणी लागलं की कणांभोवती चिकट जाळं विणलं जातं आणि चुना सुटतो. त्यामुळे काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या वर राहतो आणि सळईवर काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. लोखंडाचं चिलखत एवढंच. मिठातला क्लोराइड ते एका जागी भेदतो आणि या कामात स्वतः खर्ची पडत नाही, पुढे पोखरतच राहतो. गंज लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. दाब सोसणारं काँक्रीट ताण जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा सोसतं, मग तडकतं. त्यात आमची टॉर सळई, थंड असताना पीळ दिलेली. पिळामुळे स्फटिकांतले दोष एकमेकांत अडकतात, म्हणून ती जास्त भार घेते. पण त्याच पिळानं आत कोंडलेला ताण तिला गंजाच्या तोंडी देतो. लोखंड वाचवलं म्हणून तेव्हा आम्ही खूश होतो.

५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला. वय जेमतेम सोळा वर्षं, आतल्या ताणलेल्या तारा गंजलेल्या. आता तरी कोणी शिकेल असं मला वाटलं. पण काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, सुधारायला २००० साल लागलं: सळईच्या काँक्रीटला एम १५ प्रत जाऊन किमान एम २० आली, घनमीटरला क्लोराइडची मर्यादा ०.६ किलो ठरली. आमच्या इमारतीला त्याचा उपयोग नव्हता.

दरम्यानच्या वर्षांत टीएमटी सळई आली, रेडीमिक्स काँक्रीट आलं. आठवण येते ती जुन्या मुकादमांची. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवायचे, कॉलमला गोणपाट गुंडाळायचे, रात्री उठून भिजवायचे. त्यांचा तो धीर आता साइटवर दिसत नाही.

परवा शेजारच्या टॉवरवर गेलो. तरुण इंजिनिअरनं ओंजळीत रेती दिली. दगड दळून केलेली, मिठाचा अंश नाही. बरं वाटलं. मग आदल्या दिवशी फळ्या काढलेल्या कॉलमवर हात ठेवला. तो कोमट होता. आत सिमेंट अजून पाणी मागत होतं, आणि बाहेरून तो पांढराफटक कोरडा होता. पाइप कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काका, पाण्याचा माणूस सोमवारी येतो."