घासाघीस कुणाच्या पैशाने?

मंडईत चार-दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस सरकारी खरेदीला बसला, की त्याने घासाघीस करू नये, असा दंडक आहे. ऐकताना विचित्र वाटते. भाव पाडला तर खजिन्याचेच पैसे वाचणार ना?

बँकेत खरेदी समितीवर बसलो, तेव्हा यातली ग्यानबाची मेख कळली. निविदांची पाकिटे फोडल्यावर घासाघीस होणार, हे ठाऊक असलेला विक्रेता मुळातच भाव चढवून लिहितो. मग 'कमी केला' म्हणून दोघेही खूश! शिवाय बंद दाराआड काय ठरले, याला साक्षीदार कोण?

म्हणूनच केंद्रीय दक्षता आयोगाने नोव्हेंबर १९९८ मध्ये सर्वांत कमी दर देणाऱ्याखेरीज इतरांशी वाटाघाटी करायला बंदी घातली. मार्च २००७ मध्ये त्याच्याशीही एरवी वाटाघाटी नकोत, असे ठरले. अपवाद मोजके: माल एकाच उत्पादकाचा असणे, पुरवठादार थोडे असणे किंवा त्यांच्यात संगनमताचा संशय असणे. तेव्हाही कारणे लेखी नोंदवायची.

उलट उदाहरण दाभोळचे. एन्रॉनच्या कंपनीशी १९९३ मध्ये झालेला वीजखरेदी करार स्पर्धात्मक निविदांविना, वाटाघाटींतून ठरला. १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने तो मोडला आणि पुन्हा वाटाघाटीच केल्या! २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले. भाव रास्त की अवाजवी, हे ताडून पाहायला दुसरे पाकीटच नव्हते.

मंडईत पिशवी आपली असते. सरकारी खरेदीत ती साऱ्यांची; म्हणून तिथे बोलण्याआधी दुसरे पाकीट हवे, आणि बोलल्यावर लेखी कारण.