मोगऱ्याचा फुटवा आणि सशाचा दात

हिवाळ्यात मुरबाड-शहापूर भागातील मोगरेवाले झाडांचे पाणी तोडतात, पाने गळली की छाटणी करतात. पुन्हा पाणी दिले की कोवळा फुटवा येतो. नेमके तेव्हाच सिद्धगडाच्या पायथ्याचे माळ वाळलेले असतात आणि हिरवे उरते ते पाण्याखालच्या वाडीत. मग रात्री ससा येतो. फुटवा गेला की कळी गेली, आणि फुलांच्या व्यापाऱ्याने हंगामाआधी दिलेली उचलही अडकली.

आधी चोर ओळखावा. बकरीला वरचे पुढचे दात नसतात. ती फांदी ओढून तोडते, म्हणून टोक चिंधडते. सशाचा काप मात्र चाकूने घेतल्यासारखा तिरका आणि स्वच्छ असतो. जवळ गोल, कोरड्या लेंड्या सापडतात. एवढे पाहिले तरी शेजाऱ्याच्या बकरीवरून होणारी भांडणे टळतील.

खात्रीचा उपाय एकच, तारेची जाळी. इंचभर भोकाची कोंबडी-जाळी अडीच-तीन फूट उंच लावावी. खालची सहा इंच बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवून वर दगड-माती टाकावी. आपल्याकडचा ससा बीळ करीत नाही, उघड्यावर गवतात बसतो. त्यामुळे विलायती पुस्तकांतला खोल चर खणण्याचा खर्च वाया जातो. फाटकाखालची फट मात्र बुजवावी. बहुतेक जण तेवढेच विसरतात.

जाळी घेण्यापूर्वी हिशेब करावा. दहा गुंठ्यांचा तुकडा चौरस असेल तर सुमारे 420 फूट जाळी लागते. तेवढीच जमीन 33 फूट रुंदीची लांब पट्टी असेल तर 726 फूट! लांब पट्टी असल्यास शेजाऱ्याशी मिळून एकच कुंपण घालणे परवडते.

वासासाठी फोरेट टाकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, त्यावर 2020 अखेरीपासून देशात बंदी आहे. फासे लावणे तर अंगाशीच येईल. सिद्धगडाचे जंगल 1985 साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात आहे, आणि ससा 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, अभयारण्याबाहेरही. कुंपणात थेट वीज सोडणे म्हणजे माणसाचा जीव घेणे.

आंब्याच्या सुट्या कलमांना कुंपण परवडत नाही. साल सभोवार सोलली गेली की कलम मरते. फूटभर व्यासाच्या नळीला जोडासह साडेतीन फूट जाळी पुरते. तारकाम करणाऱ्या कारागीर बांधवांनी अशा नळ्या दिवाळीपूर्वी तयार ठेवाव्यात. रोपवाटिकेत कलमाबरोबरच त्या खपतील.