सगळी मतं एकालाच

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सही आहे. त्याच कागदावर आणखी एक सही आहे पी. बाळू यांची, म्हणजे क्रिकेटपटू बाळू पालवणकरांची. पुढे साडेचार वर्षांनी, फेब्रुवारी १९३७ मध्ये, अस्पृश्यांना राखीव जागा देणाऱ्या या करारातून जन्मलेल्या एका जागेसाठी हेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. मतदारसंघ होता मुंबई प्रांताच्या विधानसभेचा ‘मुंबई शहर (भायखळा व परळ)’. आज या नावाचा मतदारसंघ कुठेच नाही. पण निवडणुकीच्या नियमांत किती ताकद असते हे बघायचं असेल, तर त्याच्याइतकी सुंदर जागा मला दुसरी दिसत नाही.

बाळू म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. चर्मकार कुटुंबातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात खेळपट्टीची देखभाल करता करता गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकू लागला आणि पुढे हिंदू संघाचा आधार झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराहून जास्त बळी घेतले. मैदानावर सोबत खेळणारे चहाच्या वेळी त्याला वेगळं बसवत आणि मातीच्या भांड्यात चहा देत. तरुण आंबेडकरांना या माणसाचा अभिमान होता. १९३७ मध्ये काँग्रेसनं बाळूंना उमेदवारी दिली. आंबेडकर उभे होते १९३६ मध्ये स्वतः स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे. निकाल लागला: आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फरक अवघा २,०२० मतांचा.

हे आकडे वाचताना मात्र थांबायला हवं, कारण १३,२४५ मतं म्हणजे १३,२४५ माणसं असं इथं समजता येत नाही.

राखीव जागा तेव्हा स्वतंत्र मतदारसंघ नव्हती. एकाहून जास्त जागा असलेल्या सर्वसाधारण मतदारसंघातच एक जागा अस्पृश्य उमेदवारासाठी राखलेली असे. मुंबईच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत अशा १५ जागा होत्या. शिवाय सर्वसाधारण जागांतच ७ जागा मराठ्यांसाठी राखीव होत्या, ही गोष्ट आज फारशी कुणाला आठवत नाही. पुणे करारानुसार आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक फेरीत चार जण निवडायचे आणि मग त्यांतल्या एकाची निवड मतदारसंघातल्या सगळ्यांनी मिळून करायची. सगळे म्हणजे तरी कोण? १९३५ च्या कायद्यानं मत मिळत होतं ते मालमत्ता, कर, घरभाडं, शिक्षण अशा अटी पुऱ्या करणाऱ्यांना. बाकीची बहुसंख्य प्रौढ जनता यादीबाहेरच होती.

जितक्या जागा, तितकी मतं प्रत्येकाच्या हाती. ती कशी वापरायची, हा खरा वाद होता. एका उमेदवाराला एकच मत द्यायचं, की हवी तर सगळी मतं एकालाच? मुंबई प्रांतात दुसरी पद्धत आली. मतदारानं आपली मतं वाटावीत किंवा सगळी एकाच्या पारड्यात टाकावीत. आंबेडकरांचा आग्रह याच पद्धतीसाठी होता.

का, ते गणित करून बघा. तीन जागांचा मतदारसंघ समजा, मतदार हजार, त्यातले २६० दलित. मतं एकेकच देता आली तर या २६० जणांच्या लाडक्या उमेदवाराला त्यांची फक्त २६० मतं मिळतात, आणि राखीव जागेवर कुठला दलित उमेदवार जिंकणार हे बाकीचे ७४० जण ठरवतात. पण मतं एकवटून देता आली, तर २६० जण एकाला ७८० मतं देऊ शकतात. उरलेल्या ७४० जणांनी आपली २,२२० मतं तीन उमेदवारांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला ७४० मिळतात. २६० जणांचा माणूस निवडून येतो! राखीव जागेनं जिंकणाऱ्याची जात ठरत होती, पण तो कुणाचा माणूस असेल हे या साध्या गुणाकारानं ठरत होतं. मला हे विलक्षण वाटतं.

ही युक्ती जगात नवी नव्हती. इंग्लंडच्या शाळा मंडळांच्या निवडणुका १८७० पासून याच पद्धतीनं होत होत्या. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ती १८७० पासून १९८० पर्यंत टिकली.

निवडून आल्यावर आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती ही जमीनदारी पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्याच वर्षी संपांवर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या कामगारांनी संप केला, त्यात ते आघाडीवर होते. भायखळा-परळच्या गिरणगावानं पाठवलेला आमदार गिरणगावासाठीच लढत होता. १९४६ च्या निवडणुकीत मात्र त्यांच्या नव्या पक्षाला, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनला, मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही.

स्वातंत्र्यानंतर नियम उलटा झाला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दोन जागांच्या मतदारसंघात दोन मतं ठेवली, पण एका उमेदवाराला एकच मत देण्याची अट घातली. १९५२ मध्ये ‘मुंबई शहर उत्तर’ या अशाच दोन जागांच्या मतदारसंघातून लोकसभेसाठी आंबेडकर उभे राहिले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर मोजली जायची एकच. हजारो मतपत्रिका अशा बाद झाल्या. आंबेडकर १,२३,५७६ मतांवर थांबले, काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतं घेऊन जिंकले. बाद मतपत्रिकांचा हा प्रश्न आंबेडकर आणि त्याच मतदारसंघातले समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकेत मांडला, पण निकाल बदलला नाही.

पंधरा वर्षांपूर्वी कायद्यानं मान्य केलेली कृती १९५२ मध्ये त्याच शहरात चूक ठरली. मतदाराला ती बदललेली अट समजावून सांगण्याची जबाबदारी कुणी पुरेशी पेलली नाही, असं माझं ठाम मत आहे. १९६१ मध्ये संसदेनं द्विसदस्य मतदारसंघ रद्द करणारा कायदा केला आणि एक मतदारसंघ, एक जागा, एक मत ही आजची पद्धत देशभर लागू झाली.