हरवलेली 'की' संगणकाच्या पोटातच!

सांगली/सातारा, प्रतिनिधी -

पूर ओसरला, की व्यापारी आधी माल बाहेर काढतो, मग गाळ. कागदपत्रांकडे त्याचे लक्ष जाते ते आठ-दहा दिवसांनी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच अनुभव आला. सातारा जिल्ह्यात कराड आणि पाटण तालुक्यांनीही दोन्ही वर्षी पुराचा तडाखा सोसला. अशा वेळी खतावण्या आणि बिलबुकांबरोबर आणखी एक गोष्ट वाहून जाते व तिची आठवण बरीच उशिरा होते. ती म्हणजे सॉफ्टवेअरची खोकी, त्यातील सीडी आणि तिच्या पाकिटावर चिकटवलेली पंचवीस अक्षरांची परवाना-किल्ली, म्हणजेच 'प्रॉडक्ट की'.

अर्थात, त्यासाठी पूरच यायला हवा असे नाही. दिवाळीच्या साफसफाईत रिकामे खोके समजून ते रद्दीत जाते. लॅपटॉपच्या पोटावरचे स्टिकर मांडीवर घासून घासून पांढरे पडते. हिशेबनीस नोकरी सोडून जातो आणि बिलांची फाइल कुठे ठेवली होती, हे त्याच्याबरोबरच जाते. संगणक चालू असतो तोवर कुणाचेच काही अडत नाही. एक दिवस मात्र तो बंद पडतो, दुरुस्तीवाला 'फॉरमॅट मारावे लागेल' असे सांगतो आणि लगोलग विचारतो, 'की आहे ना?' येथे मालकाची अडचण सुरू होते. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा पुरावाच हाती नाही, तर ती पुन्हा विकत घ्यायची काय?

बहुतेक वेळा तसे करावे लागत नाही. किल्ली ज्या संगणकात एकदा भरली गेली, त्या संगणकाने ती बऱ्याचदा स्वतःपाशी नोंदवून ठेवलेली असते. फक्त ती वाचता येईल अशा रूपात नसते. मात्र हा शोध फॉरमॅट करण्यापूर्वी घ्यावा लागतो. डिस्क पुसल्यावर शोधायचे म्हटले, तर काम कितीतरी पटीने अवघड होते.

विंडोज आपल्या सर्व नोंदी 'रजिस्ट्री' नावाच्या एका मोठ्या खतावणीत ठेवते. तिच्यात 'डिजिटल प्रॉडक्ट आयडी' अशी एक नोंद असते. ती उघडून पाहिली, तर निव्वळ आकड्यांची रांग दिसते आणि पाहणाऱ्याचा विरस होतो. किल्ली त्याच रांगेत असते. विंडोज एक्सपी व विंडोज ७ च्या काळातील पद्धत अशी, की किल्लीची पंचवीस अक्षरे एकत्र करून त्यांची एकच अवाढव्य संख्या बनवायची आणि ती पंधरा बाइटमध्ये साठवायची. ही संख्या आपल्या दशमान पद्धतीची नसून चोवीसमान पद्धतीची असते. तिला चोवीसने भागत जावे, दर खेपेस जी बाकी उरेल तिच्या जागेवरचे अक्षर लिहावे. असे पंचवीस वेळा केले, की शेवटून सुरुवातीकडे पूर्ण किल्ली उलगडते. 'की-फाइंडर' म्हणून मिळणारी छोटी सॉफ्टवेअर हेच गणित क्षणार्धात करतात. त्यात कुलूप फोडण्याचा भाग नाही. उलट्या क्रमाने लिहिलेला हिशेब सरळ करणे, एवढेच त्यांचे काम.

चोवीस हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. इंग्रजी वर्णमालेतील सगळी अक्षरे आणि दहाही अंक किल्लीत येत नाहीत. जुन्या किल्ल्यांत ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नाहीत. एल, एन, एस आणि झेड ही व्यंजने नाहीत. शून्य, एक आणि पाच हे अंकही नाहीत. उरतात ती सतरा अक्षरे व सात अंक. (विंडोज ८ पासून त्यात 'एन'ची भर पडली.) ज्यांचे स्टिकर अर्धवट पुसले आहे, त्यांना या माहितीचा थेट उपयोग होतो. पुसट गोल दिसला, तर तो शून्य किंवा 'ओ' असूच शकत नाही. तो 'क्यू' किंवा 'डी' असणार. पाचसारखे काही दिसले, तर ते सहा असण्याचा संभव अधिक. 'बी' आणि आठ मात्र दोन्ही वापरात असल्याने तेथे फसगत होते आणि दोन्ही पर्याय करून पाहावे लागतात. भिंग, तिरपा उजेड आणि मोबाइलवर काढलेले मोठे छायाचित्र, एवढ्या साधनांवर कित्येक स्टिकर वाचता येतात. कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी हा उपाय करून पाहावा.

की-फाइंडरने कधी कधी सलग 'बी' अक्षरांचीच किल्ली दाखवली, की लोक गोंधळतात. चोवीसमान पद्धतीत 'बी' म्हणजे शून्य. सगळे 'बी' याचा अर्थ नोंदीची जागा कोरी आहे. महाविद्यालये, बँका वा मोठ्या कंपन्या घाऊक परवाने घेतात, त्या संगणकांवर किल्ली अशी पुसलेली आढळते. असा संगणक जुन्या बाजारातून घरी आला असेल, तर त्यातील विंडोजचा परवाना घेणाऱ्याचा नव्हताच, हेही त्यातून कळते.

सापडलेली प्रत्येक किल्ली कामाची असते, असेही नाही. नामांकित कंपनीचा संगणक विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ सह विकत घेतला असेल, तर रजिस्ट्रीतील किल्ली आणि खोक्यावरच्या स्टिकरची किल्ली वेगळी निघते. कारखान्यात हजारो संगणकांवर एकच सामायिक किल्ली वापरून विंडोज भरले जाई. ग्राहकाची स्वतःची किल्ली स्टिकरवर असे. अशा वेळी रजिस्ट्रीतून काढलेली किल्ली नव्याने भरून उपयोग होत नाही. तशीच गोष्ट विंडोज ७ वरून विंडोज १० वर फुकट आलेल्यांची. त्यांना किल्ली मिळालीच नाही. त्यांच्या संगणकाची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली गेली, तिला 'डिजिटल लायसन्स' म्हणतात. अशा संगणकात की-फाइंडर चालवला, तर होम आवृत्तीत '८ एच व्ही एक्स ७' आणि प्रो आवृत्तीत '३ व्ही ६ ६ टी' या पाच अक्षरांनी संपणारी किल्ली दिसते. ती जगातील असंख्य संगणकांत तशीच असते. वहीत उतरवून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. अशांनी आपला परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवावा. ही सोय विंडोज १० मध्ये २०१६ पासून आली आहे.

२०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि नामांकित कंपन्यांच्या संगणकावरील किल्लीचे स्टिकर नाहीसे झाले. किल्ली थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिली जाऊ लागली. डिस्क बदलली, फॉरमॅट केले, तरी ती शाबूत राहते आणि विंडोजची तीच आवृत्ती पुन्हा भरताना आपोआप उचलली जाते. पाहायचीच असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये मिळणारे 'शो-की-प्लस' हे छोटे सॉफ्टवेअर ती दाखवते.

मदरबोर्ड जळाला तर?

पूरग्रस्तांच्या दृष्टीने हाच खरा प्रश्न. संगणकासोबत आलेला परवाना, ज्याला व्यापारी 'ओईएम' म्हणतात, तो त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. मदरबोर्ड पाण्याने गेला, की परवानाही गेला. किल्ली सापडली तरी ती दुसऱ्या संगणकावर वापरता येत नाही. खोक्यातून स्वतंत्र विकत घेतलेला 'रिटेल' परवाना मात्र नव्या संगणकावर नेता येतो. म्हणून किल्ली शोधण्यावर वेळ आणि पैसा खर्च करण्यापूर्वी आपला परवाना कोणत्या जातीचा, हे पाहून घ्यावे. संगणक चालू असेल, तर कळफलकावरील विंडोजचे बटण व 'आर' एकत्र दाबावे, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून तिरपी रेघ व तिला जोडून 'डीएलआय' लिहावे आणि एंटर करावे. थोड्या वेळाने उघडणाऱ्या खिडकीत ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम याचा उल्लेख व किल्लीची शेवटची पाच अक्षरे दिसतात. घरातल्या चार कागदांवर चार किल्ल्या लिहिलेल्या असतील, तर यापैकी खरी कोणती, हे ओळखायला ही पाच अक्षरे पुरतात.

संगणक बंद पडला, पण हार्ड डिस्क वाचली, तरीही मार्ग आहे. रजिस्ट्रीची खतावणी ही डिस्कवरची एक फाइलच असते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर 'प्रोड्यू-की'सारखे सॉफ्टवेअर त्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरकडे बोट दाखवल्यावर तेथील किल्ल्या वाचून दाखवते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. पुरात भिजलेली डिस्क 'चालते का बघू' म्हणून लगेच विजेला जोडू नये. आत गाळमिश्रित पाणी असताना तबकडी फिरली, तर किल्लीच काय, दहा वर्षांचा हिशेबही खरवडला जातो. डिस्कवर मोलाची माहिती असेल, तर ती आहे तशी डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी.

ऑफिसच्या बाबतीत आवृत्तीवर सारे अवलंबून आहे. ऑफिस २००३, २००७ आणि २०१० यांची पूर्ण किल्ली रजिस्ट्रीतून काढता येते. ऑफिस २०१३ पासून संगणकावर किल्लीची केवळ शेवटची पाच अक्षरे राहतात. पूर्ण किल्ली तेथे नसतेच, त्यामुळे ती काढून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. या आवृत्त्या ज्या ई-मेल खात्यातून सुरू केल्या, त्या खात्यात प्रवेश केल्यास खरेदीची नोंद मिळते.

याच ठिकाणी एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. इंटरनेटवर 'की-फाइंडर' शोधायला गेलेला माणूस दोन पावलांत 'की-जनरेटर' आणि 'क्रॅक'च्या गल्लीत पोहोचतो. पहिले स्वतःची किल्ली वाचणारे साधन, दुसरी चोरीची हत्यारे, आणि त्यांच्याबरोबर व्हायरस येण्याची शक्यता मोठी. साधन मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. अँटिव्हायरस अशा साधनांवर हरकत घेतो. दडवलेली नोंद वाचणारे सॉफ्टवेअर त्याला संशयास्पद वाटते. पण ही हरकत नेहमीच खोटी असते असे समजून अँटिव्हायरस बंद करणे धाडसाचे आहे. शंका आली, तर संगणकाची इंटरनेट जोडणी काढून काम उरकावे.

कायदाही येथे स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार संगणक-प्रणाली कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला हानीपासून बचाव म्हणून तिची राखीव प्रत करता येते. उलट, चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला कलम ६३ ब अन्वये सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. अडचण अशी, की कित्येक ग्राहकांना आपली प्रत कोणत्या बाजूची, हेच ठाऊक नसते. गल्लीतल्या दुकानदाराने एकाच किल्लीवर दहा संगणक चालू करून दिलेले असतात आणि बिलावर नुसते 'संगणक १ नग' असते. किल्ली शोधायला बसल्यावर हे बिंग फुटते.

अँटिव्हायरस आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे गणित वेगळे. मूळच्या सातारा जिल्ह्यातील काटकर बंधूंनी पुण्यात उभ्या केलेल्या 'क्विक हील'चे उदाहरण घ्या. तेथे परवाना मोबाइल क्रमांक व ई-मेल देऊन नोंदवला जातो, त्यामुळे कागद गेला तरी नोंद कंपनीकडे असते. फॉरमॅटपूर्वी परवाना त्या संगणकावरून निष्क्रिय केला, तर पुन्हा सुरू करताना त्रास होत नाही. बेंगळुरूच्या 'टॅली'तही अनुक्रमांक नोंदणीच्या ई-मेलला बांधलेला असतो. परवाना सापडला नाही, तर टॅली 'एज्युकेशनल' अवस्थेत उघडते. जुना हिशेब दिसतो, पण नव्या नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच करता येतात. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या घाईत असलेल्या हळद व्यापाऱ्याला ही तीन तारखांची मुभा म्हणजे काम बंदच. घोटाळा होतो तो नोंदणीच्या ई-मेलपाशी. दहा वर्षांपूर्वी तो पत्ता विक्रेत्याने स्वतःचा दिलेला असतो किंवा सोडून गेलेल्या कारकुनाचा. संगणक धडधाकट आहे तोवरच हा पत्ता तपासून मालकाच्या नावावर करून घेतला, तर पुढची धावपळ वाचते.

छापखाने आणि डीटीपी केंद्रांत मात्र किल्ली शोधून हाती काही लागत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'सारख्या मराठी सॉफ्टवेअरचा परवाना वर्षानुवर्षे 'डोंगल'मध्ये, म्हणजे संगणकाच्या मागे खोचलेल्या बोटभर कुलपात राहिला. ते संगणकाच्या पोटात कुठेही उतरलेले नसते. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांची जुनी पाने ज्या अक्षरसंचात जुळवली, त्यांवर काम करायचे तर तेच कुलूप लागते. पुराचा इशारा आल्यावर संगणक माळ्यावर चढवताना डोंगल आधी काढून खिशात ठेवावे.