श्रद्धा सांगावी कशी?

नाताळ जवळ आला की भ्रमणध्वनीवर शुभेच्छांसोबत बायबलातील वचनेही येऊ लागतात. गोवा, बडोदे वा इंदूर येथील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप-गटांत नाना श्रद्धांची माणसे असतात. तेच वचन एकास दिलासा वाटते, दुसऱ्यास आक्रमण. मग ख्रिस्ती श्रद्धावंताने मौनच पाळावे काय?

नारायण वामन टिळकांनी ते पाळले नाही. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी आपली भक्ती अभंगांतून, कीर्तनांतून मोकळेपणी गायिली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत; मग तुकोबांना ते उणे कशाला लेखतील? घरातील कसोटी याहून कठीण होती. ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, तोही स्वतःच्या विचाराने. टिळकांचा शीघ्रकोपी स्वभाव ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’त वाचला आहे, त्यांना या धीराचे मोल अधिक कळेल.

फेसबुकवर लिहिताना हा धीर हाताशी असावा. ‘मला प्रार्थनेने बळ मिळाले’ हे कोणासही बोचत नाही. ‘तुमच्या पूजेत काय आहे?’ हे बोचते. आजारी आप्ताचे नाव घालून प्रार्थनेची विनंती करण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी. दुखणे त्याचे असते. आणि कोणी उलट प्रश्न केलाच, तर चारचौघांत वाद न वाढविता त्यास दूरध्वनी करावा. गावातलाच असेल तर घरी बोलवावे. नाताळाचा फराळ तयार असतोच.