डोंबिवलीचे तिकीट

आमच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईकर १८९२ सालापासून पीत आहेत. त्याची परतफेड मुंबईने मला रेडिओवरून केली, असे मी गमतीने म्हणतो.

तेव्हा आम्ही मुरबाडला राहत होतो. शेजारच्या वकिलांकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. व्हायोलिन म्हणजे सिनेमात कोणी मेले की वाजणारे वाद्य, एवढीच माझी समजूत. पण त्या रात्री ते चक्क गात होते! शब्द नव्हते, बाकी सगळे गाणे होते. शेवटी नाव सांगितले गेले : गजाननराव जोशी.

बुवा मुळात गवयीच, हे मागाहून कळले. जन्म १९११ चा. वडील अंतूबुवा औंध संस्थानचे दरबारी गायक, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. तेव्हा ग्वाल्हेरची तालीम घरातच. शिवाय रामकृष्णबुवा वझे, आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ आणि जयपूर घराण्याचे भूर्जीखाँ यांच्याकडचे शिक्षण. अशा माणसाने हाती गज घेतला, तर तार गाणार नाही तर काय करणार?

साहेब व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. आपले वादक मांडी ठोकून बसतात आणि वाद्याचे डोके पायाच्या घोट्याशी टेकवतात. त्यामुळे डावा हात मोकळा राहतो व मींड घेताना बोट तारेवरून खुशाल सरकते. पडदे नाहीत, म्हणून दोन सुरांमधली वाट सापडते; चुकायलाही तेवढीच जागा! पेटीला ही वाटच नाही. रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तिच्यामागे ही एक तक्रार होतीच.

शहापूरला मास्तरकी लागल्यावर मी एक जुने व्हायोलिन विकत घेतले. गुरू नाही. ऐकायचे आणि घासायचे, एवढाच रियाज. आमच्या घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या, "मास्तर, दाराच्या बिजागरीला तेल घाला हो!" मी तेल घातले. त्यांचे समाधान झाले नाही.

आणि मग कळले की बुवा डोंबिवलीला राहतात. डोंबिवली! आमच्याच ठाणे जिल्ह्यात, आसनगावहून गाडीत बसले की थेट. तिथे उल्हास कशाळकर, वीणा सहस्रबुद्धे यांच्यासारखी माणसे गाणे शिकायला जात. व्हायोलिनच्या शिष्यांत श्रीधर पार्सेकरांसारखे नाव होऊन गेलेले. १९७२ साली बुवांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यानंतरच्याच एका रविवारी मी वाद्य घेऊन निघालो.

वासिंद, खडवली, टिटवाळा... टिटवाळ्याला गणपतीला हात जोडले. कल्याणपर्यंत मनात वाक्य घोळवीत होतो : "बुवा, मी शहापूरचा मास्तर, मला शिकायचे आहे." डोंबिवलीच्या फलाटावर उतरलो आणि माझ्या बिजागरीचा आवाज कानात वाजू लागला. हे वाद्य त्यांच्यापुढे काढायचे? बाकावर बसलो. चार गाड्या गेल्या. पाचवीने परत आलो.

बायकोने विचारले, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "घरी नव्हते."

खोटे बोललो. ही गोष्ट तिला मी पुढे चौदा-पंधरा वर्षे सांगितली नाही. "आणखी थोडा हात बसला की जाऊ," असे दर दिवाळीला ठरवीत होतो. शिकणे राहू द्या, नुसते समोर बसून ऐकायला तरी कोणाची ना होती? रेडिओवर ऐकले तेवढेच.

१९८७ च्या पावसाळ्याच्या तोंडी बुवा गेल्याचे वर्तमानपत्रात वाचले. शाळा सुटल्यावर घरी येऊन वाद्य काढले. दमट हवेने गजाचे केस सैल पडले होते, एक तार तुटलेली. उरलेल्या तीन लावीत बसलो. बायको स्वयंपाकघरातून आली, म्हणाली, "आता तरी खरे सांगा. त्या दिवशी गेला होतात का त्यांच्याकडे?"